टाकीवाल्यांचा तास

त्यांना पाण्याबाहेर स्वस्थ बसलेलं मी एकदाच पाहिलं. कचेरीत त्यांना खुर्ची होती, चांगली वेताची, पण तिच्यावर बसायचा त्यांचा कोट. ते स्वतः वजनकाट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून वजनकाट्यापर्यंत येरझाऱ्या घालत, आणि मिठाच्या गोणीचं वजन झालं की चालता चालताच हमालाच्या हातात चिठ्ठी देत. जेवायचेही उभ्याने. डबा खिडकीच्या कट्ट्यावर, एक घास, मग बाहेर मिठागराकडे एक नजर, मग दुसरा घास. "बसा की हो जरा, बघून आम्हाला घेरी येते," असं हेडक्लार्क वैतागून म्हणाले, की ते म्हणत, "बसलो की पायांना मुंग्या येतात. उभं राहायची सवय आहे, साहेब."

दिवसातला एकच तास ते शांत असत, आणि तो पाण्यात. सकाळी सहा ते सात, नवघरच्या तलावात. त्या तासात त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जात, जबडा सैल पडे, आणि पन्नाशीतला तो खडूस माणूस नुकताच झोपेतून उठलेल्या पोरासारखा दिसे. तो तास पुढे त्यांच्या हातून गेला. कसा गेला, आणि त्यात माझा हात किती होता, तेवढंच मला सांगायचं आहे. बाकी त्यांच्या गमतीजमती ओघाने येतील त्या येतील.

त्यांना सगळे टाकीवाले म्हणत. खरं आडनाव हजेरीपुस्तकाबाहेर कोणाच्या तोंडी नव्हतं. आमच्या मिठागराच्या कंपनीत यायच्या आधी एकोणीस वर्षं ते मुंबईत एका क्लबाच्या पोहण्याच्या टाकीवर नोकरीला होते. काम काय, तर काठावर उभं राहायचं. साहेब लोक पोहतात, आपण बघायचं, कोणी गटांगळ्या खायला लागला तर उडी टाकायची. रत्नागिरीकडच्या खाडीकाठी जन्म, म्हणून पोहता येत होतं. पोहता येत होतं म्हणून नोकरी मिळाली. आणि नोकरी मिळाल्यावर पोहणं बंद झालं. नोकरमाणसांनी टाकीत उतरायचं नाही, असा तिथला नियम. एकोणीस वर्षांत ते दोनदा उतरले, दोन्ही वेळा अंगावरच्या कपड्यांसकट. एकदा एका मुलाला काढायला, आणि एकदा एका बाईसाहेबांचा चष्मा काढायला.

"चष्म्याच्या वेळी मी जरा जास्तच वेळ लावला," ते सांगत. "सापडला होता लगेच. पण म्हटलं, राहू दे हातात."

मी भाईंदरच्या नवघरला आलो तेव्हा सत्तर साल उजाडायला वर्ष-दीड वर्ष बाकी होतं. भाईंदर म्हणजे तेव्हा शेतं, मिठागरं आणि मधूनच एखादी नवी कोरी, गिलावाही न सुकलेली इमारत. चाळीतल्या एका खोलीत आम्ही पाच जण राहायचो, सगळे रत्नागिरी नाहीतर कुलाब्याकडचे. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलावी लागे. मला त्या वयात सगळ्याचीच घाई होती. बढतीची, लग्नाची, स्वतःच्या खोलीची, आणि यातलं काहीच होत नव्हतं म्हणून दुसरं काहीतरी होण्याची. एका ठिकाणी मन लागत नसे. तलावात पहिल्यांदा उतरलो आणि दोन्ही हात पसरले, तर कोणालाच लागले नाहीत. भाईंदरला आल्यापासून असं प्रथमच झालं होतं. मी तिथल्या तिथे ठरवलं की रोज यायचं.

तलाव गावचा. एका बाजूला धुण्याच्या पायऱ्या, तिथे बायका. समोरच्या अंगाला उतार, तिथे म्हशी. मधलं पाणी कोणाचंच नव्हतं, म्हणून ते आम्हा भाडेकरूंचं. आम्ही आठ-दहा जण उतरायचो ती नुसती झुंबड असायची. कोणी आडवा पोहतोय, कोणी उभा, कोणी मध्येच उताणा पडून गाणं म्हणतोय, एकाची लाथ दुसऱ्याच्या पोटात. टाकीवाले उतरायच्या आधी काठावरून हे बघत.

"हे काय पोहणं आहे?" ते ओरडत. "ही तर भाताला आलेली उकळी आहे!"

मग एका रविवारी ते गावात घरोघर फिरले आणि सुके भोपळे मागून आणले. पोरांना पोहायला शिकवताना कमरेला बांधतात ते. काथ्याच्या दोन लांब दोऱ्यांत ते ओवले आणि तलावाच्या या काठापासून त्या काठापर्यंत ताणून बांधले. झाल्या तीन गल्ल्या. एक सावकाश गल्ली, एक मधली, एक घाईची. प्रत्येक गल्लीत जाताना डाव्या अंगाने जायचं, येताना दुसऱ्या अंगाने यायचं. मध्ये थांबायचं नाही, थांबायचं तर कोपऱ्यावर. माणसं कमी असोत की जास्त, पाणी सगळ्यांना पुरतं, असं त्यांचं म्हणणं. पुरत नाही ती अक्कल.

मला त्यांनी सावकाश गल्लीत घातलं. मला राग आला.

"मला घाईच्या गल्लीत टाका ना."

"तुला घाई आहे," ते म्हणाले. "वेग नाही."

हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पुढचे आठ दिवस खोलीत मला तेच ऐकवलं गेलं. दाढी करतोय तरी, चहा पितोय तरी.

हे गल्ल्यांचं वेड पाण्यापुरतं राहिलं नाही. मिठागराच्या बांधावरून आम्ही कचेरीत जायचो. बांध एका पावलाचा. समोरून पाट्या घेतलेले मजूर येत. टाकीवाल्यांनी फर्मान काढलं की भरलेल्या पाटीला वाट, रिकाम्या हाताने खाली उतरायचं. हेडक्लार्कसुद्धा चिखलात उतरले एकदा, चपला हातात घेऊन. ते आमच्याच चाळीत राहत; तिथल्या नळावर त्यांनी बादल्यांची येणारी आणि जाणारी अशा दोन रांगा केल्या. समोरची गुजराती बाई त्यांना "भाईसाब, ये आपका टाकी नहीं है" म्हणून दटवायची, पण रांगेत उभी राहायची. आमच्या खोलीत त्यांनी खडूने रेघा मारून कोणी कुठून उठायचं आणि कुठून बाहेर पडायचं ते ठरवून दिलं. आम्ही हसलो, रेघा पुसल्या, आणि दोन दिवसांनी परत मारून घेतल्या. कारण पाय तुडवले जायचे थांबले होते.

गावाने मात्र सुरुवातीला हे चालू दिलं नाही. गावचे तात्या, म्हणजे तलावाच्या बाबतीत ज्यांचा शब्द चालायचा ते म्हातारे गृहस्थ, दोरी तोडायला कोयता घेऊनच आले होते.

"तुमची दोरी तुमच्या टाकीन बांधा," ते म्हणाले. "हा आमचा तलाव हाय. म्हशीला काय कलतंय तुमचं?"

हे चालू असतानाच त्यांची एक म्हैस उतारावरून सुटली आणि मधल्या गल्लीत शिरली. आम्ही सगळे पटापट कडेला. म्हैस नाक वर करून, डाव्या अंगाने, दोरीला धक्का न लावता पार पलीकडे गेली, कोपऱ्यावर क्षणभर थांबली आणि वळून परत आली.

टाकीवाले तात्यांकडे बघत म्हणाले, "तिला कळतंय, तात्या. या कारकुनांनाच कळायला महिना लागला."

तात्या इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. दोरी राहिली. जाता जाता मात्र त्यांनी बजावलं, "हे पाणी आमाला वापराचा हाय. एक जरी बुडाला ना, तर तुमी समदे भाईर. ध्यानात ठेवा." टाकीवाल्यांनी मान डोलावली. आता त्यांना भीती कशाची तर एवढ्या एका गोष्टीची. तलाव बंद झाला असता तर आम्ही दुसरं काही शोधलं असतं. त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं. बायको मुलांसह गावी, इथे ते आणि त्यांच्या येरझाऱ्या.

त्यांच्या नियमांतला सगळ्यात नाजूक नियम टाचेचा. मागून येणारा वेगाने येत असेल तर त्याने पुढच्याच्या टाचेला बोटं लावायची. एकदाच. ओढायचं नाही, ओरडायचं नाही. पुढच्याने दोरीकडे सरकायचं आणि वाट द्यायची. आणि मागे वळून बघायचं नाही.

"का नाही बघायचं?" मी विचारलं होतं.

"बघितलं की माणूस कोण ते कळतं," ते म्हणाले. "मग हा कालचा पोरगा मला मागे टाकणार काय, असं मनात येतं. साहेब लोक बघत नसत. टाच लागली की सरकत. कोण गेला, कोण राहिला, विचारत नसत."

मला ते फार आवडलं होतं. खोलीत, कचेरीत, जिथे तिथे मला कोणीतरी बघत होतं, विचारत होतं. इथे नुसती दोन बोटं टाचेला, आणि झालं. मी तो नियम इतका मनावर घेतला की एकदा खोलीत मागच्याचा पाय लागला तर झोपेतच भिंतीकडे सरकलो, असं सगळे सांगत.

पावसाळा नुकताच संपला होता आणि तलाव काठोकाठ भरला होता. त्या सकाळी बाकीचे लवकर आटपून गेले. पाण्यात आम्ही दोघेच. मी आता मधल्या गल्लीत बढती मिळवली होती, आणि टाकीवाले माझ्या मागे. मी निम्म्यावर आलो असेन. टाचेला बोटं लागली.

मी सरकलो. अगदी शिस्तीत, भोपळ्यांच्या दोरीला अंग लावून, वाट मोकळी ठेवून. मागे बघितलं नाही. कोणी पुढे गेलं नाही. मला वाटलं, विचार बदलला असेल. खरं सांगायचं तर मला रागही आला. आदल्या दिवशीच त्यांनी माझ्या हात मारण्यावरून चार माणसांत लेक्चर दिलं होतं, आणि आता वाट मागायची आणि घ्यायची नाही, हे काय? मी परत गल्लीच्या मध्ये आलो आणि पोहत पुढे गेलो. त्या दिवशी माझे हात छान पडत होते. तेही आठवतं.

काठाला हात लावला तेव्हा आरडाओरडा ऐकू आला. धुण्याच्या पायऱ्यांवर बारकूबाय उभी होती, कमरेएवढ्या पाण्यात. ती रोज तिथे धुणं धुवायची, आमच्या गल्ल्यांकडे बघून नाक मुरडायची. तिने धूत असलेलं नऊवारी लुगडं पाण्यावर फेकलं होतं. एक टोक तिच्या मनगटाला, आणि दुसऱ्या टोकाला टाकीवाले, दोन्ही मुठींत गच्च धरून. चेहरा जांभळा. ती एकेक हात करत त्यांना ओढत होती, आणि ओढता ओढता मला शिव्या देत होती.

"मेल्या, म्हातारा तुझ्या पायाशी बुडतंय न् तू पुढं चाललास? डोलं हायत का न्हाय तुला?"

आम्ही दोघांनी मिळून त्यांना पायरीवर आडवं केलं. पोटरीत गोळा आला होता, पाय दगडासारखा. खूप वेळ ते खोकत होते. मी त्यांची पोटरी चोळत राहिलो. पाणी ओकून झाल्यावर त्यांनी पहिलं वाक्य काढलं ते बारकूबायला.

"त्याला बोलू नकोस. त्याने बरोबर केलं. मी एकदाच लावलं होतं."

बारकूबायने कपाळावर हात मारला. मी रडायला लागलो.

दुपारपर्यंत गावभर झालं होतं. संध्याकाळी तात्यांच्या पडवीत आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. तात्या रागात नव्हते, त्याचीच मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, बुडाला नाही, पण बुडालाच होता. बाय नसती तर आत्ता आपण इथे नसतो, मसणात असतो. तलाव बंद. टाकीवाले उभेच होते, नेहमीसारखे. फक्त त्या दिवशी येरझाऱ्या नव्हत्या.

"चूक माझी आहे, तात्या," ते म्हणाले. "टाचेचा नियम मी टाकीवर बघितला. तिथे चालत होता. का चालत होता, हे मला आज कळलं. तिथे काठावर मी होतो. पोहणाऱ्याने मागे बघायचं नाही, कारण काठावरचा बघतोय. इथे सगळेच पाण्यात. मीसुद्धा."

ते एक पाऊल पुढे आले.

"तलाव बंद करू नका. काठावर माणूस देतो. रोज."

"कोन उभा ऱ्हाणार रोज?" तात्यांनी विचारलं. "हे समदे पोहाला येतान."

"मी राहीन," टाकीवाले म्हणाले. "मला सवय आहे."

तात्यांनी होकार दिला. आम्ही सगळे सुटलो, म्हणजे आमचं पोहणं सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी सहाला ते हातात लांब बांबू घेऊन काठावर हजर होते, सदरा-धोतर घालून. आम्ही उतरलो. तासभर ते काठाने इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होते. आठ्या होत्या, जबडा आवळलेला होता. आता दिवसाचे चोवीसही तास ते तसेच असणार होते, आणि हे ध्यानात आल्यावर मला पाण्यात हात मारवेना.

आठवडाभराने मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "रविवारी मी काठावर उभा राहतो. तुम्ही उतरा. दर रविवारी."

दुसऱ्या कोणाच्या हातात ते तो बांबू देत नसत. एकाने मागितला तर "तू काठावर विडी ओढशील" म्हणून उडवून लावलं होतं. मला म्हणाले, "जमेल तुला? नुसतं उभं राहायचं. पोहणाऱ्यांवरून नजर काढायची नाही. हे पोहण्यापेक्षा कठीण आहे."

"जमेल," मी म्हणालो. मला अगदी आतून वाटत होतं तसं.

तीन रविवार मी उभा राहिलो. पहिल्या रविवारी त्यांना पाण्यात उतरताना बघून मला भरून आलं. ते सावकाश गल्लीत गेले, स्वतःहून, आणि तासभर कोणाशी एक शब्द न बोलता जात-येत राहिले. बाहेर आले तेव्हा पायरीवर बसले. चक्क बसले. दुसऱ्या रविवारी मला जांभया यायला लागल्या. तिसऱ्या रविवारी माझे पाय वळवळायला लागले. माझ्या वयाची मुलं समोर पाण्यात दंगा करताहेत आणि मी खांबासारखा उभा. घड्याळाचा काटा ढळतच नव्हता. हा माणूस एकोणीस वर्षं कसा उभा राहिला असेल, असा विचार मनात येई. आणि त्यामागोमाग दुसराही येई, की राहिला ना एकोणीस वर्षं, मग आणखी राहील.

चौथ्या रविवारी मी निघालो होतो. हे मी स्वतःलाही अनेकदा सांगितलंय, की निघालो होतो. वाटेवरच्या चिंचेच्या झाडापाशी आलो, तिथून तलाव दिसतो. ते आधीच आले होते. सदरा-धोतर काढून, घडी करून पायरीवर ठेवलेलं. लंगोट लावलेला, अंगाला तेल चोपडलेलं, पाण्यात पाय घोट्यापर्यंत. बाकीचे सगळे पोहायला सुरुवात करून मोकळे झाले होते. बांबू त्यांनी शेजारी आडवा ठेवला होता, माझ्यासाठी.

मी चिंचेखाली थांबलो. वीस-पंचवीस पावलं फक्त. त्यांना मी दिसत नव्हतो. एक तास, मी मनात म्हटलं, आणि तो तास मला डोंगराएवढा वाटला. कारण काही नव्हतं. कोणी आजारी नव्हतं, कुठे जायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं जिवावर आलं होतं. मी बघत राहिलो. थोड्या वेळाने त्यांनी पाय पाण्यातून बाहेर काढले. तेलकट अंगावरच सदरा चढवला, तो पाठीला चिकटला. मग धोतर नेसले, बांबू उचलला आणि काठाने चालायला लागले.

मी वळलो आणि काशीमीऱ्याच्या वाटेला लागलो. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात बसून दोन चहा प्यालो आणि ट्रक बघत बसलो.

सोमवारी कचेरीत मी काहीतरी पोटदुखीचं सांगितलं. "असू दे रे," ते म्हणाले, "होतं असं," आणि हमालाला चिठ्ठी दिली. पुढच्या रविवारी मी उशिरा, पोहायच्या कपड्यांतच गेलो. ते सदरा-धोतरात काठावर होते. मी पाण्यात उतरलो. त्यांनी बांबूने मला मधल्या गल्लीकडे बोट दाखवल्यासारखं केलं. मी नवघर सोडलं तोपर्यंत तीन वर्षं, रोज सकाळी, ते आमच्यावर नजर ठेवून फिरत राहिले. पुन्हा उतरायचं का, असं मी त्यांना विचारलं नाही.